शिस्तीचा कोळसा

"डोक्याला तेल लावलंयस?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी, माझं नाव-गाव विचारायच्याही आधी, सरांनी मला हे विचारलं. मी निपाणीची. धारवाडला एम.एस्सी. झालेली, आणि निघताना आईनं वाटीभर खोबरेल डोक्यावर थापून, चापूनचोपून वेणी घालून पाठवलेली. मी म्हटलं, "लावलंय की. का वो?"

"मग आज आत नको येऊस. शिकेकाईनं न्हा. उद्या बघू."

आणि दार लावून घेतलं! बेंगळूरात यशवंतपूरच्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर मी आ वासून उभी. एवढी शिकलेली पोर, आणि हा बाबा मला केसांवरून परत पाठवतो? मामाकडे उतरले होते. तिथं जाऊन आधी रडले, मग सरांना मनसोक्त शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी मुकाट्यानं शिकेकाई भिजत घातली. नोकरी हवी होती ना.

दुसऱ्या दिवशी ते नुसते माझ्या जवळून गेले, नाक जरासं वर केलं आणि म्हणाले, "सरी. चल, भट्टी दाखवतो." सरी म्हणजे ठीक. सरांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बेंगळूरला आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगायचे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. घाई केली की 'स्वल्प थांब', पटलं की 'सरी', आणि काही केल्या पटलं नाही तरी 'सरी', फक्त ते जरा लांबवून. कुठलं सरी खरं आणि कुठलं नाही, हे ओळखण्यात माझं पहिलं वर्ष गेलं.

भट्टी म्हणायचे सगळे, पण तिच्यात विस्तव नव्हता. स्टीलचं एक मोठं पिंप, त्याला काचेची लहानशी खिडकी. आत गिऱ्हाइकाचे सुटे भाग टांगायचे, पंपानं हवा ओढून घ्यायची, मग वेल्डिंगवाले वापरतात तो ॲसिटिलीन वायू अगदी चिमूटभर आत सोडायचा आणि विजेचा दाब द्यायचा. की आत जांभळट उजेड पसरायचा. तो प्लाझ्मा. त्या उजेडात वायू फुटतो, त्यातला कार्बन सुट्या भागांवर जाऊन बसतो, आणि काही तासांनी त्यांच्यावर केसापेक्षाही किती तरी पातळ, काळीभोर, चकचकीत साय धरते. ती इतकी कडक की कानस मारली तर कानस झिजते, आणि इतकी गुळगुळीत की बोट घसरतं. गिरणीत ज्यावरून दिवसभर सूत पळतं त्या खुंट्या, पंपांचे दांडे, असलं सगळं आमच्याकडे यायचं. इंग्रजीत त्याला डायमंड-लाइक कार्बन म्हणतात. मालकांनी पाटीवर नुसतंच 'डायमंड' मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं.

सर मात्र त्याला कोळसा म्हणायचे. "हिऱ्यासारखा म्हणतात ते विकायला. ना धड हिरा, ना धड कोळसा. फार तर शिस्तीचा कोळसा म्हण."

आता एवढा कडक कोळसा, पण त्याचा सगळा जीव कशात? तर खालचा धातू स्वच्छ असण्यात. बोटाचा ठसा, केसाचा तेलकट वास, एवढंही पुरे. साय धरते, दिसते झक्क, आणि मग पापडासारखी उचलून येते. म्हणून ज्या दिवशी भट्टी भरायची त्या दिवशी आमच्याकडे एकादशी. डोक्याला तेल नाही, शेंगदाण्याची चटणी नाही, गजरा नाही, तळलेलं तर नावच काढायचं नाही. सर दहीभात खायचे, तोही चमच्यानं. धुतलेले भाग मलमलीवर मांडले की त्यांच्याभोवती हात मागे बांधून फिरायचे आणि कुणी जवळ आलं की ओरडायचे, "सोवळ्यात आहेत! शिवू नको!" कन्नड कामगारांनाही तो शब्द पाठ झाला होता. स्वतःजवळ स्कूटर असून भट्टी भरायच्या दिवशी हा माणूस बनशंकरीहून सायकल मारत यायचा. का, तर हाताला पेट्रोलचा वास लागतो.

हे मी समजू शकत होते. शास्त्र आहे त्यात. पण बाकीचं? बाकीच्याला काय म्हणायचं?

सर कालचा पेपर वाचायचे. आजचा पेपर आला की घडी न मोडता कपाटात ठेवायचा आणि कालचा काढायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आजची बातमी आज खरी वाटते. एक दिवस राहू दे की. टिकली तर वाचायची."

"अहो पण तोवर शिळी होते ना?"

"शिळी झाली तरी चालेल. खोटी निघू नये."

लग्नाचा आहेर ते लग्नात करायचेच नाहीत. माझ्या लग्नाला आले, पोटभर जेवले, वाढप्यांना पाणी स्वच्छ ठेवा म्हणून सांगितलं आणि रिकाम्या हातानं गेले. माझ्या सासूबाईंनी नाक मुरडलं. वर्षानं एका रविवारी आमच्या जे. पी. नगरच्या बिऱ्हाडी दत्त म्हणून उभे! बसायच्या आधी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भांडणं होतात?" नवरा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "होतात की." "आणि मिटतात?" "मिटतात बरीचशी." "सरी," असं म्हणून पिशवीतून ही एवढी जड पितळी समई काढून ठेवली. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता हे सगळं त्या सायीमुळे, की हा माणूस आधीपासूनच असा आणि म्हणून त्याला ही साय भेटली, ते देव जाणे. सायीची खोडच तशी होती. ती जितकी कडक, तितका तिच्या आत ताण. चाचणीत पास होते, चिकटपट्टी लावून ओढली तरी हलत नाही, सगळे टाळ्या पिटतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघावं तर टेबलावर पडल्या पडल्या आपणहून सुटलेली. कुणी हात लावला नाही, काही नाही. म्हणून सरांचं ब्रीदवाक्य एकच: "आज बसलंय. उद्या बघू."

आणि हे ते गिऱ्हाइकालाही सांगायचे! मालकांचा जीव अर्धा व्हायचा. माल पाठवला, पैसे आले, सगळं छान, की सर फोन उचलून कोइमतूरच्या गिरणीला सांगणार, "बसलंय चांगलं, पण किती दिवस बसेल मला माहीत नाही हां. सुटलं तर कळवा." मालक धावत यायचे आणि हातातला फोन ओढून घ्यायचे. "अहो, तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय? नुसतं गप्प बसा!" सर म्हणायचे, "गप्प बसलं तर त्यांना वाटेल मला माहीत आहे." मालक कपाळाला हात लावून जायचे. काढूनही टाकता येईना, कारण सरांच्या हातची साय बाकी कुणाहीपेक्षा जास्त टिकायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत.

अशा माणसाच्या घरात अक्का होत्या.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले, अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि या धाकट्याला वाढवलं, शिकवलं. त्या नादात त्यांचं लग्न राहिलं. सरांनीही केलं नाही. बनशंकरीला दोघांचंच घर. सर जितके 'बघू' तितक्या अक्का 'आत्ता'. आयुष्यभर लोकांचे नंबर जोडून दिलेली बाई, थांबणं माहीतच नव्हतं. त्यांना मी पहिल्यांदा बघितलं ते खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला. दरवर्षी शेडमध्ये यंत्रांना झेंडू, दारात कोहळा फोडणं, सगळं व्हायचं. अक्का हिरवं लुगडं नेसून, हातात तबक घेऊन आल्या. सगळ्यांना नावानं हाका मारल्या, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "तू ती तेलवाली निपाणी ना? बरं केलंस गं रडलीस ते. हा असाच आहे."

पूजा झाली, सुट्ट्या संपल्या, भट्टी सुरू केली आणि आमचे हाल सुरू झाले. पंप ओढतोय, ओढतोय, हवा काही पुरती जाईना. गेली एकदाची, तर आत जांभळ्या उजेडाऐवजी तडतड ठिणग्या. आणि साय म्हणाल तर आख्खीच्या आख्खी खपल्या होऊन खाली. सरांनी एकेकाचं डोकं हुंगलं. मला तर दोनदा न्हायला लावलं. पंप खोलला, नळ्या बदलल्या. शेवटी एका सकाळी सर बॅटरी घेऊन कंबरेपर्यंत पिंपात शिरले आणि आतूनच ओरडले, "अय्यो!"

आत, टांगायच्या आकड्याच्या मागे, खूप निगुतीनं लावलेलं हळदीकुंकू. तुपात कालवलेलं, पुसलं जाऊ नये म्हणून!

असं कोण करणार हे सगळ्यांनाच कळलं. आता अक्कांची धडगत नाही असं मला वाटलं. सरांनी घरी फोन लावला आणि नुसतं विचारलं, "अक्का, आत का लावलंस?" पलीकडून अक्कांचा खणखणीत आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "मग कुठं लावू? देव गाभाऱ्यात असतो की दारावर? तुझा उजेड आतच पडतो ना?"

वर अक्का म्हणाल्या, "आणि काय रे, एवढं घट्ट बसतं म्हणतोस, ते माझ्या कुंकवानं सुटतं होय?"

सरांनी फोन ठेवला आणि कितीतरी दिवस स्वतःच्या हातानं ते पिंप घासलं. रागावले नाहीत. उलट अधूनमधून आपल्याशीच म्हणायचे, "बरोबर विचारलं तिनं." काय बरोबर विचारलं? मला तर काही कळलं नाही. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

मग अक्कांचा खुबा गेला.

आधी लंगडायला लागल्या. मग भिंत धरून चालायला लागल्या, आणि एक दिवस अंथरुणातून उठताच येईना. सांधा आतून झिजला होता. डॉक्टर सरांचे शाळूसोबती, कन्नड माणूस, जे. पी. नगरच्या एका इस्पितळात हाडांचं काम करायचे. ते म्हणाले, कृत्रिम सांधा बसवू. धातूचा एक चकचकीत गोळा, तो प्लास्टिकच्या वाटीत फिरतो. "फक्त," डॉक्टर म्हणाले, "गोळा फिरून फिरून वाटी झिजते, आणि मग काही वर्षांनी पुन्हा दुखणं. पण तुझी ती काळी साय? बाहेरदेशी लोक तिचे प्रयोग करतायत. गोळ्यावर ती चढवली तर झीज कमी होईल म्हणतात. बघ बाबा, तुझीच बहीण आहे."

दोन गोळे त्यांनी मागवून दिले. एकावर चढवून बघ, एक साधा राहू दे, म्हणाले.

सरांनी त्या एका गोळ्यासाठी जे सोवळं पाळलं ते मी जन्मात विसरणार नाही. शेडमध्ये कुणाला बोलूही देईनात. गोळा भट्टीतून निघाला तेव्हा, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. एवढं सुंदर काळं मी कधी पाहिलेलं नव्हतं. आपलं तोंड दिसायचं त्यात. मग त्यांनी तो प्लास्टिकच्या वाटीत बसवून, मिठाच्या पाण्यात बुडवून, मोटर लावून फिरत ठेवला. आठवडे गेले. गोळ्याला ओरखडा नाही, साय जागची हललेली नाही.

मी म्हटलं, "सर, बसलंय की वो! आता काय?"

"बसलंय," सर म्हणाले. "पण अक्काच्या आत सुटलं तर? खपल्या कडक असतात निपाणी. कानस झिजवणाऱ्या. त्या सांध्यात काय करतील?"

"मग साधा घाला."

"आणि साधा झिजला तर? हातात असून मी दिलं नाही असं होईल."

रोज हे. सकाळी काळा, दुपारी साधा. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. मी इकडून बोलले तर ते तिकडून, तिकडून बोलले तर इकडून. माझीच मती गुंग व्हायला लागली. घरी नवऱ्यावर खेकसायला लागले.

अक्कांना हे कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, दुखण्यानं चेहरा ओढलेला. सरांना म्हणाल्या, "माझ्यात तुझंच घालायचं."

"अक्का, स्वल्प ऐक. अजून किती टिकतं ते मला—"

"जगाला देतोस ना? गिरण्यांना देतोस, पंपांना देतोस. मला देताना हात आखडतो होय?"

"त्यांचं सुटलं तर खुंटी बदलता येते."

"हे बघ," अक्कांचा आवाज चढला, "तू एवढासा होतास. पुढं कसा निघशील, शहाणा की वेडा, मला काय ठाऊक होतं? म्हणून तुला सांभाळायचं उद्यावर ठेवलं होतं काय मी?"

सरांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण अक्कांनी माझा हात धरून ठेवला होता.

दोन्ही गोळे आदल्या दिवशी इस्पितळात निर्जंतुक करायला देऊन झाले. ऑपरेशनच्या सकाळी मी थर्मास घेऊन सरांबरोबर गेले. डॉक्टर हिरव्या कपड्यांत बाहेर आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "सांग. कुठला?"

सरांनी दोन्ही हात जोडले. "दोन्ही तुझ्याकडे आहेत. तू उघडून आत बघशील, हाड कसं आहे, जागा कशी आहे. तुला योग्य वाटेल तो घाल. आणि मला सांगू नकोस."

"म्हणजे?"

"कधीच सांगू नकोस. मला कळलं तर मी जगू शकणार नाही. काळा असला तर सुटेल म्हणून, साधा असला तर झिजेल म्हणून."

डॉक्टर चिडले. "अरे, वेड लागलंय का तुला? भाजी निवडायला दिलीयस होय?" पण सर हात जोडून तसेच उभे. शेवटी डॉक्टर मान हलवत आत गेले. मी सरांकडे बघतच राहिले. आजच्या पेपरावर विश्वास ठेवायलाही एक दिवस लावणारा माणूस, आणि ही एवढी मोठी गोष्ट डोळे मिटून दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळा?

ऑपरेशन झालं. डॉक्टर घाम पुसत बाहेर आले, हसत म्हणाले, "छान बसलाय. आणि मी तो—" एवढं म्हणताहेत तोवर सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तरातरा जिन्यानं खाली निघून गेले. कॉरिडॉरमधले पेशंट बघत राहिले. मी डॉक्टरांना म्हटलं, "मला तरी सांगा." डॉक्टर म्हणाले, "त्याला नकोच आहे ते. तुला सांगितलं तर तुझ्या तोंडावर त्याला दिसेल."

अक्का शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "तुझंच ना रे?"

सर म्हणाले, "हो अक्का. माझंच."

मी उडालेच. बाहेर आल्यावर त्यांना गाठलं. "सर, तुम्हाला कुठं माहीत आहे?"

"नाही माहीत."

"मग खोटं बोललात?"

"माहीत नाही तर खोटं कसं?"

"मग खरं बोललात?"

"खरंही नाही," ते म्हणाले आणि रडायला लागले. भर रस्त्यात, रिक्षा स्टँडपाशी. रिक्षावाला विचारायला लागला, काय झालं म्हणून. मी त्याला काय सांगू? मलाच काही कळत नव्हतं.

पुढं अक्का चालायला लागल्या. काठी सुटली. रोज बनशंकरीच्या देवळात जायला लागल्या, आणि वाटेतल्या फुलवालीपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कंबरेवर थाप मारून सांगायच्या, "आत माझ्या भावाचा हिरा आहे!" सर बरोबर असले की दोन पावलं मागे चालायचे. अक्कांच्या चालण्याकडे बघायचे नाहीत, ऐकायचे. पाय कसा पडतो, कुठं घासतो का. आणि रोज न चुकता विचारायचे, "अक्का, दुखतं का?"

"नाही रे बाबा. काही नाही. लोण्यासारखा फिरतो."

हे ऐकलं की सरांचा चेहरा जरा उतरलेला असला तरी खुलायचा. मलाही बरं वाटायचं.

मग एका पावसाळ्यात मी अक्कांना भेटायला गेले. सर शेडमध्ये होते. अक्का ओट्यापाशी उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या, मधेच थांबल्या आणि ओट्याची कड घट्ट धरली. ओठ दाबून धरलेले. मी धावले. त्यांनी मला खूण केली, थांब. कळ ओसरल्यावर म्हणाल्या, "येते गं अशी. पावसात जास्त. पहिल्यापासून आहे."

"अहो, मग सांगायचं नाही का? डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवलंय डॉक्टरांना, गुपचूप. ते म्हणाले चालायचंच एवढं. त्याला मात्र बोलू नकोस. तुला माझी शप्पथ आहे निपाणी." पीठ लागलेल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. "मी कळवळले की त्याला वाटणार, त्याचं काम सुटलं. जन्मभर तेवढं एकच केलंय गं त्या पोरानं."

मला सांगावंसं वाटलं, की अक्का, तो गोळा सरांचा आहे की नाही हेच मुळी डॉक्टरांखेरीज कुणाला ठाऊक नाही, तुम्ही कशासाठी हे सोसताय? पण सरांनी 'माझंच' म्हटलेलं. ते कसं मोडू? तिकडून त्यांची शपथ, इकडून यांचा शब्द, आणि मधे माझं सँडविच. दोघंही एकमेकांसाठीच करत होते, आणि दोघांनाही काहीच खरं माहीत नव्हतं. घरी येताना बसमध्ये मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयानं बघत होती.

काही वर्षांनी अक्का गेल्या. खुब्यानं नाही, हृदयानं. दुपारी जेवून पडल्या आणि उठल्याच नाहीत.

अस्थी गोळा करायला सरांबरोबर जायला कुणीच नव्हतं, म्हणून मी आणि माझा नवरा गेलो. बायकांचं काय काम, असं भटजी पुटपुटले. सरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. राखेवर दूध-पाणी शिंपडलं, आणि सर उकिडवे बसून हळूहळू राख चाळायला लागले. हाडं वेगळी काढत होते. मला ठाऊक होतं ते काय शोधताहेत.

सापडला. मांडीच्या हाडात रोवतात त्या दांड्यासकट गोळा. सरांनी तो उपरण्यानं पुसला आणि उन्हात धरला. त्यावर जांभळा, निळा, सोनेरी रंग चढलेला. सायीचा अगदी पातळ थर असाच दिसायचा, किती वेळा भट्टीत पाहिलेला. मी ओरडले, "सर! रंग! बघा, तुमचाच होता!"

सर हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "नाही गं. धातू तापला की येतो हा रंग. कुठल्याही धातूला येतो. साय म्हणजे शेवटी कोळसाच, ती असती तरी जळून गेली असती. आता काही सांगता येणार नाही."

नवरा म्हणाला, "डॉक्टरांना विचारू या ना. आता काय हरकत आहे?"

मी सरांकडे बघितलं. ते कितीतरी वेळ गोळा हातात फिरवत राहिले. मग मान हलवली. "नको. विचारायला कशाला हवं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे एकदम लहान मुलासारखे चमकले. "मी रोज विचारत होतो तिला. इतकी वर्षं. एकदाही दुखलं नाही म्हणाली. साधा गोळा असता तर एवढ्यात कधीतरी दुखलं असतं. एकदा तरी. नाही का? म्हणजे माझाच होता गं तो. सुटला नाही. बसला."

त्या ओट्याची कड धरलेल्या बाईनं घातलेली शपथ माझ्या मनगटावर होती. आणि समोर हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी खात्री पटलेला, राखेत गुडघे टेकून बसलेला, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हो सर," मी म्हटलं. "तुमचाच होता. कधी दुखलं नाही त्यांना. मलासुद्धा म्हणाल्या होत्या."